मंगलदीप एक-दोन-तीन

श्वास ही माणसाची सर्वांत खाजगी गोष्ट आहे. जन्मल्याबरोबर पहिला श्वास ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो आणि शेवटचा सोडताना कुणाला वारस नेमता येत नाही. राजा असो वा रंक, हा ऐवज कुणी दुसऱ्याच्या हवाली करत नाही.

सबनीस सरांचा श्वास रोज सकाळी सात वाजता हैदराबादला पोचत असे. आलेखासकट.

“बाबा, काल रात्री तुम्ही अकरा वेळा थांबलात,” सोमवारी सकाळी त्यांची मुलगी ऋजुता फोनवर म्हणाली.

“कुठं थांबलो?”

“श्वास घ्यायचे थांबलात. एकदा तर सव्वीस सेकंद. आणि तीन वेळा स्वयंपाकघरात गेलात. काय खाता एवढं रात्री?”

“मी गेलोच नाही.”

“बाबा, डबी खोटं बोलत नाही.”

मिरजेच्या कॉलेजात पस्तीस वर्षं भूगोल शिकवताना सरांनीही हेच सांगितलं होतं. उपकरण चुकत नाही, वाचणारा चुकतो. आता वाचणारी हैदराबादला होती आणि ती कधीच चुकत नसे. आईवर गेली होती.

“श्वासांक सत्तेचाळीस आहे,” ती म्हणाली. “महिनाभर पन्नासच्या खाली. ॲप म्हणतंय, एकट्यानं राहण्यास अयोग्य. मी शनिवारी येतेय. सामान बांधून ठेवा.”

“किती दिवसांचं?”

“सगळं,” ऋजुता म्हणाली.

ही डबी म्हणजे वायफायचीच. २०३८ साली ती काही वेगळी दिसत नव्हती. भिंतीवर टांगलेली, दोन शिंगांची, हिरवे दिवे लुकलुकवणारी. फरक आत होता. वायफायच्या लहरी खोलीभर आपटत, परतत असतात. मधे माणूस आला की त्यांची वाट किंचित बदलते. श्वास घेताना छाती काही मिलिमीटर पुढं येते, सोडताना मागं जाते, आणि तेवढ्यानंही परतणाऱ्या लहरींचा ताल बिघडतो. पूर्वी हा बिघाड गोंगाट म्हणून टाकून देत. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या गोंगाटातच माणूस बसलाय. तेव्हापासून डब्या माणसं मोजायला शिकल्या. कोण झोपलंय, कोण उठलंय, कुणाचा श्वास अडकतोय, हे त्यांना अंधारात आणि भिंतीपलीकडूनही कळू लागलं. वायफाय भिंतीपलीकडं जातं हे फुकट्या शेजाऱ्यांना आधीपासूनच माहीत होतं. शास्त्रज्ञांना जरा उशिरा उपयोग सुचला.

त्यातून ‘काळजी’ नावाचं ॲप निघालं. म्हाताऱ्या आईबापांच्या हातात घड्याळ बांधलं तर ते काढून ठेवतात. श्वास काढून ठेवता येत नाही, ही त्या ॲपची जाहिरात होती आणि ती खरी होती. दिवाळीत ऋजुता आली, निजायच्या खोलीत पलंगावर मांडी घालून बसली आणि दहा मिनिटांत तिनं बापाच्या घराला ‘काळजी’ जोडली. पासवर्ड विचारावाही लागला नाही. मंगलदीप सोसायटीत चोवीस घरं होती, चोवीस डब्या होत्या, आणि संजू केबलवाल्यानं सगळ्या डब्यांना एकच नाव दिलं होतं, मंगलदीप. आणि एकच पासवर्ड, मंगलदीप१२३. “लोक विसरतात ओ,” तो म्हणायचा, “मग मला फोन. आता विसरला तर शेजारी सांगतोय.” शेजारी खरोखरच सांगत. अशी सोय कुठल्या सोसायटीत नव्हती, असं सोसायटीच्या वार्षिक सभेत ठरावानं म्हटलेलं आहे.

तेव्हापासून साडेचार महिने सर स्वतःवर संशय घेत होते.

पहिल्यांदा त्यांनी बेसनाचे लाडू मोजले. रात्री सतरा होते, सकाळी सतराच. म्हणजे आपण तीन वेळा उठून स्वयंपाकघरात जातो आणि न खाताच परत येतो, हा निष्कर्ष निघाला, आणि तो खाण्यापेक्षा वाईट होता. मग त्यांनी झोपताना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात गव्हाचं पीठ भुरभुरवलं. सकाळी पिठावर एका झुरळाची ये-जा उमटली होती. डबीनं त्या रात्री चार फेऱ्या सांगितल्या. मिरजेत दुखणं नसलं तरी डॉक्टर सापडतो, त्याप्रमाणे एक सापडले. त्यांनी सरांना तपासलं, काही मिळालं नाही, मग ऋजुतानं पाठवलेला आलेख पाहिला आणि चेहरा गंभीर केला.

“मला तर काहीच होत नाही,” सर म्हणाले. “झोप छान लागते.”

“तुम्हाला काय वाटतं याला आता तेवढा अर्थ नाही, सर,” डॉक्टर आदरानं म्हणाले. तेही सरांचेच विद्यार्थी निघाले.

तळलेलं बंद झालं. भडंग बंद झालं. उताणं झोपलं की श्वास अडकतो, म्हणून बंडीच्या पाठीला आतून खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालायचा होता. उताणं झालं की टोचतो आणि माणूस कुशीवर वळतो. सर महिनाभर त्या चेंडूवर झोपले. पूर्वी छान लागणारी झोप आता खरंच लागेनाशी झाली. श्वासांक मात्र खालीच येत राहिला.

आणि आता शनिवार.

हैदराबादला काही वाईट नव्हतं. ऋजुता बाविसाव्या मजल्यावर राहत होती, खोली हवेशीर होती, जावई कमी बोलायचा. पण तिथं सरांना गच्ची नव्हती. मंगलदीपच्या गच्चीवर त्यांचं पर्जन्यमापक होतं, आणि रोज सकाळी साडेआठ वाजता वर जाऊन ते वहीत आकडा लिहीत. एकतीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. बायको गेली त्या सकाळीही ते साडेआठला वर जाऊन आले होते. आता मार्च होता आणि मार्चमध्ये मिरजेत आकडा बहुधा शून्य असतो. पण शून्य हे मोजल्यावर शून्य असतं. न मोजल्यावर ते काहीच नसतं. हे ऋजुताला सांगून झालं होतं. ती म्हणाली होती, “बाबा, हवामान खात्याकडं उपग्रह आहेत.”

त्या दिवशी साडेआठचं शून्य लिहून सर खाली आले आणि त्यांनी पासवर्ड बदलायचं ठरवलं. आलेखच गेला नाही तर आलेख वाईट येणार नाही, इतका साधा विचार होता.

काम अवघड नव्हतं. डबी उलटी केली, खालच्या कागदावरचा पत्ता भिंगातून वाचला, फोनवर तो घातला. डबीनं नवा पासवर्ड मागितला. किमान बारा अक्षरं, त्यांत आकडे हवेत, ओळखीच्या माणसाचं नाव नको. सरांनी आपल्या वहीतला सर्वांत मोठ्या पावसाचा आकडा घातला, तारखेसह. “अतिशय मजबूत,” डबी म्हणाली. साडेचार महिन्यांत त्या घरातल्या कशाला तरी कुणी मजबूत म्हटल्याची ही पहिलीच वेळ.

आता सगळं बंद पडणार, या तयारीनं ते खुर्चीत बसले. टीव्ही, गीझर, धुण्याचं यंत्र, सगळी जुन्या पासवर्डवर जगणारी मंडळी. दिवाणखान्यातला टीव्ही बातम्या सांगत राहिला. धुण्याच्या यंत्रानं कपडे झाल्याचं गाणं म्हटलं. गीझरनं पाणी तापल्याचा निरोप पाठवला.

सरांनी पासवर्ड पुन्हा बदलला. टीव्ही बोलतच होता. मग त्यांनी डबीची वायर काढली, डबी भिंतीवरून उतरवली, घोंगडीत गुंडाळली आणि पलंगाखालच्या ट्रंकेत घालून कुलूप लावलं. टीव्हीवर एक बाई मिक्सरची जाहिरात करत होती. ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी सातला फोन वाजला.

“नऊ वेळा,” ऋजुता म्हणाली. “थोडी सुधारणा आहे. पण स्वयंपाकघर तीनदाच.”

“ऋजू, डबी ट्रंकेत आहे.”

“म्हणजे?”

“काही नाही,” सर म्हणाले.

ते घरभर फिरले. दिवाणखाना, स्वयंपाकघर, गॅलरी, परत दिवाणखाना. हातात फोन होता आणि त्यावर वायफायच्या रेघा होत्या. चौथ्या फेरीत त्यांना दिसलं की रेघा कमीजास्त होताहेत. मग ते थांबले, कारण पुढचं त्यांना येत होतं. डोंगराची उंची कागदावर दाखवायला सारख्या उंचीचे बिंदू जोडून समोच्च रेषा काढतात. पस्तीस वर्षं त्यांनी त्या फळ्यावर काढल्या होत्या. त्यांनी घराचा नकाशा काढला, दर तीन पावलांवर रेघा मोजल्या, सारखे आकडे सारख्या आकड्यांना जोडले. दिवाणखाना सखल निघाला. स्वयंपाकघर त्याहून खाली. चढण निजायच्या खोलीत सुरू होत होती, आणि शिखर त्यांच्या घरात नव्हतंच. ते उशाच्या भिंतीपलीकडं होतं.

भिंतीपलीकडं मगदूम राहत. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, एकटे; त्यांची बायको नातवासाठी म्हणून दोन वर्षांपूर्वी इचलकरंजीला मुलाकडं गेली होती आणि नातू अजून लहान होता. त्यांची डबी त्यांच्या पलंगावर, त्याच भिंतीला टांगलेली. तेच नाव, तोच पासवर्ड. दिवाळीत ऋजुता पलंगावर बसली तेव्हा तिच्या फोननं जी जवळची होती ती डबी धरली. सरांच्या घरातली यंत्रंही कालपासून तिथूनच गुजराण करत होती. एक घर, एक माणूस, एक छाती. ‘काळजी’ला नावं कळत नाहीत.

सर्वांनी मिळून साडेचार महिने मगदूमांची काळजी घेतली होती.

सरांनी शेजारची बेल वाजवली.

“या की सर!” मगदूमांनी अख्ख्या स्थानकाला ऐकू जाईल असं म्हटलं. डोळे लाल होते. “बसा. भडंग खाताय?”

“रात्री झोप कशी लागते, मगदूम?”

“झोपेचं काय घेऊन बसलाय. दिवसा लागती की लई.” मगदूम सोफ्यावर बसले. “रात्री उठतोय दोन-तीनदा. मूठभर भडंग खातोय, पाणी पितोय, पडतोय. का ओ?”

“सहज.”

“आमच्यात सगळ्यांचंच असं. वडील तर जेवता जेवता...” मगदूम म्हणाले आणि वाक्याच्या मध्येच झोपले. तोंड उघडं होतं. छाती वर गेली आणि तिथंच राहिली. सर नकळत मोजू लागले. चौदाला एक मोठा फुत्कार आला आणि मगदूम म्हणाले, “...झोपायचे.”

खरं म्हणजे तिथंच सांगून टाकायचं होतं. सर तोंड उघडून बसले होते. पण तेवढ्यात त्यांच्या मनात एक विचार आला आणि तो इतका सोयीचा होता की त्यांना लाज वाटली, मात्र नंतर.

सांगितलं की ऋजुता खरी डबी जोडणार. म्हणजे आजपासून खुद्द सरांचा श्वास सातला हैदराबादला. न सांगता मगदूमांचा श्वासांक नुसता पन्नासच्या वर नेला, तर शनिवारही टळतो आणि सर कायमचे सुटतात. साडेचार महिन्यांत आपल्याकडं कुणीच बघत नव्हतं, हे त्यांना आत्ता उमगलं. ते हवंहवंसं वाटलं. आपण न्हाणीघरात पडलो असतो तरी आलेख मगदूमांसारखाच भडंग खात राहिला असता, हेही लगेच उमगलं. त्यांनी ते बाजूला सारलं.

संध्याकाळी ते चेंडूची बंडी घेऊन गेले.

“हे काय?”

“पाठीला बरं असतं. रात्री घालून झोपा. आणि ते भडंग जरा मला द्या.”

“सगळं?”

“सगळं,” सर म्हणाले.

बुधवारी सकाळी श्वासांक चोपन्न होता. ऋजुता फोनवर हसली. सरांनी ते हसू कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. “बाबा, बघा, मनावर घेतलं तर जमतं. शुक्रवारपर्यंत असंच राहू दे, मग शनिवारचं तिकीट रद्द करते.” सर गच्चीवर गेले, शून्य लिहिलं, खाली येऊन मगदूमांचं भडंग खाल्लं. दिवसभर त्यांनी कारण नसताना इकडून तिकडं फेऱ्या मारल्या. तासातासाला भिंतीला कान लावून ऐकत होते. स्वतःच्या श्वासावर इतकं लक्ष त्यांनी जन्मात दिलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी अडीचला फोन आला. ही वेळ ऋजुताची नव्हती.

“बाबा!” ती किंचाळली. “बाबा, उठा! बोला माझ्याशी!”

“बोलतोय की.”

“तुम्ही... ॲप म्हणतंय पंचेचाळीस सेकंद झाले. श्वास नाही. पन्नास. बाबा, तुम्ही बोलताय कसे?”

इथं सरांना खोटं बोलता आलं असतं. ॲप बिघडलंय, एवढंच म्हणायचं होतं, आणि ऋजुतानं विश्वास ठेवला असता. तिला तो ठेवायचाच होता.

“तो मी नाही,” सर म्हणाले. “ते मगदूम आहेत. तू मोजत राहा, मोठ्यानं.”

शेजारच्याची जादा किल्ली आपल्या दाराआड खिळ्याला, आपली त्याच्या, ही मंगलदीपची दुसरी सोय. सरांनी किल्ली ओढली तसा खिळाही आला. फोनवर ऋजुता “अठ्ठावन्न, एकोणसाठ” करत होती. कुलूप उलट्या बाजूनं फिरायचं हे त्यांना दुसऱ्या प्रयत्नात आठवलं. मगदूम पलंगावर उताणे होते, चेहरा जांभळट. बंडी खुर्चीवर नीट घडी घालून ठेवलेली होती.

“मगदूम!” सरांनी दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं. “ओ मगदूम! उठा!”

“सत्तर,” फोन म्हणाला. “एकाहत्तर.”

सरांनी आयुष्यात कुणाला मारलं नव्हतं, वर्गातही नाही. त्यांनी मगदूमांच्या थोबाडीत मारली.

मगदूमांनी घर हादरेल असा श्वास ओढला, उठून बसले आणि मिटल्या डोळ्यांनी गर्जले, “कोल्हापूरला जाणारी विनाथांबा गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे!”

“चालू झाला,” ऋजुता पलीकडून म्हणाली. ती रडत होती. “बाबा, आलेख चालू झाला.”

“बंडी का काढली?” सर ओरडले.

“दुपारी कशाला?” मगदूम गाल चोळत म्हणाले. “औषध रात्रीचं होतं न्हवं?”

शनिवारी ऋजुता आली ती तिकीट रद्द न करता आली. तिनं आधी मगदूमांना डॉक्टरांकडं नेलं. त्याच डॉक्टरांनी या वेळी आलेख आणि माणूस एकाच जागी पाहिले आणि मगदूमांना रात्री नाकावर लावायचं हवेचं यंत्र दिलं. इचलकरंजीहून मगदूमवहिनी आल्या. नवऱ्याला यंत्रासकट, न घोरता झोपलेला पाहून म्हणाल्या, “आधीच मिळालं असतं तर मी कशाला गेले असते?”

मग ऋजुतानं मगदूमांची डबी थोडा वेळ बंद केली, ट्रंकेतली डबी काढून भिंतीला लावली, आणि सरांनी पावसाचा आकडा स्वतःच्या तोंडानं सांगितला. रविवारी सकाळी सरांचा पहिला खरा श्वासांक आला. त्र्याण्णव.

“म्हणजे तुम्हाला काहीच झालेलं नव्हतं,” ऋजुता म्हणाली. तिनं ते दोनदा म्हटलं.

“साडेचार महिने मी तेच सांगत होतो.”

“पण बाबा, रोज सकाळी तो आलेख बघून मला वाटायचं, तुम्ही आहात.”

सर म्हणाले, “साडेआठ वाजले,” आणि तिला घेऊन गच्चीवर गेले. तिनं वाकून पाहिलं, काही नव्हतं. त्यांनी वही तिच्या हातात दिली आणि तिनं शून्य लिहिलं.

हैदराबादचं कुणी पुन्हा काढलं नाही. ऋजुता आता बापाला रविवारी फोन करते. त्र्याण्णववाल्याला रोज काय विचारणार? सकाळी सातचा फोन भिंतीपलीकडं वाजतो. “काका, तीन वाजता मास्क काढला होतात ना?” असं ती विचारते आणि मगदूम सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं नाही म्हणतात. सर त्या वेळी जागेच असतात. आपला फोन वाजत नाही, याची त्यांना अजून सवय झालेली नाही.

झाल्या प्रकाराची सोसायटीनं गंभीर दखल घेतली. तातडीची सभा झाली, संजू केबलवाल्याला बोलावून जाब विचारला गेला, आणि तो दुसऱ्याच दिवशी येऊन सरांच्यासकट चोवीसही घरांचे पासवर्ड बदलून गेला. नवा पासवर्ड लिफ्टमध्ये चिकटवलेला आहे. मंगलदीप४५६.